आर ०.६२ नापास आणि ०.२५ पास, असं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हॉस्टेलमधल्या आठ मुलींना विचारलंत की आठवड्याला अवांतर वाचन किती तास होतं, आणि त्यांची शब्दसंग्रहाची चाचणी घेतलीत. सहसंबंध गुणांक, म्हणजे आर, आला ०.६२. तुमच्या मैत्रिणीने हीच पाहणी शंभर जणांवर केली, तिचा आर आला ०.२५. सरांनी तिच्या निकालापुढे ‘सार्थ’ लिहिलं आणि तुमच्यापुढे ‘सार्थ नाही’. तुमचं म्हणणं, ‘०.६२ हा ०.२५ पेक्षा मोठा ना? मग माझा संबंध नापास कसा?’

सरांचं बरोबर आहे. तुमचा वैतागही बरोबर आहे, कारण ‘सार्थ’ हा शब्दच फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं संबंध दणकट आहे की लेचापेचा, याचा निकाल लागला. चाचणीला तो प्रश्न विचारलेलाच नसतो. तिला एवढंच विचारलेलं असतं: मुळात काहीच संबंध नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा आर दिसला असता का? आठ जणींत ०.६२ योगायोगाने सहज दिसतो. शंभरात ०.२५ सहजी दिसत नाही. उत्तर एवढंच. पण तीस वर्षं हा धडा शिकवून मला एक कळलंय की एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी आर हाताने काढू. मी वर्गात नेहमी पाचच मुलं घेते, आकडे माझ्या मनचे. अभ्यासाचे तास १, २, ३, ४, ५ आणि वीसपैकी गुण अनुक्रमे १२, १०, १६, १४, १८. तासांची सरासरी ३, गुणांची १४. प्रत्येक मूल सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते लिहा. तासांत: −२, −१, ०, १, २. गुणांत: −२, −४, २, ०, ४. आता जोडीजोडीने गुणाकार: ४, ४, ०, ०, ८. बेरीज १६. या १६ मध्येच सगळी गंमत आहे. जे मूल दोन्हींत सरासरीखाली किंवा दोन्हींत वर, त्याचा गुणाकार धन येतो. एकात वर आणि दुसऱ्यात खाली असलं तर ऋण. बेरीज धनाकडे कलली की दोन्ही गोष्टी एका दिशेने चालतात.

पण नुसता १६ काही बोलत नाही. गुण वीसऐवजी शंभरपैकी धरले असते तर तोच ८० झाला असता. म्हणून त्याला दोन्हींच्या पसाऱ्याने भागायचं. तासांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, गुणांच्या ४०. दोन्हींचा गुणाकार ४००, वर्गमूळ २०. सोळा भागिले वीस म्हणजे ०.८. आता तास मिनिटांत मोजा किंवा गुण टक्क्यांत मांडा, ०.८ हलत नाही. आर नेहमी −१ ते +१ च्या आतच राहतो, तोही या भागाकारामुळेच.

पाच मुलांत ०.८. वर्गातली हुशार मुलं लगेच म्हणतात, ‘मॅडम, स्ट्राँग कोरिलेशन!’ इथे मी चिठ्ठ्या काढते.

पाच चिठ्ठ्यांवर पाच गुण लिहायचे, डब्यात टाकून खळखळून हलवायचे आणि एकेक काढून तासांपुढे ठेवत जायचं. आता तास आणि गुण यांचा काडीचाही संबंध उरला नाही, कुठला गुण कुठे जाईल ते फक्त डब्याला ठाऊक. प्रत्येक वेळी आर काढायचा. पाच चिठ्ठ्या एकूण १२० तऱ्हांनी लागू शकतात, त्यामुळे सगळी मोजणी एका तासिकेत कागदावर होते. सगळे गुण चढत्या क्रमाने लागले तर आर नेमका १, ही तऱ्हा एकच. त्यात शेजारच्या दोघांची एकदाच अदलाबदल झाली तर ०.९, अशा तऱ्हा चार. शेजारच्यांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांची अदलाबदल झाली तर ०.८, अशा तीन. म्हणजे ०.८ किंवा जास्त देणाऱ्या आठ तऱ्हा. उलट्या बाजूला −०.८ किंवा त्याखालीही आठच. एकूण १२० पैकी १६, म्हणजे सव्वातेरा टक्क्यांच्या थोडं वर.

हीच पी-व्हॅल्यू. गूढ काही नाही. संबंध शून्य असताना, आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून टोकाचा आर डब्यातून किती वेळा बाहेर पडतो, याचं प्रमाण. आठात एकदा तर ०.८ नुसत्या खळखळाटातून येतो! पी पाच टक्क्यांच्या खाली आला तरच ‘सार्थ’ म्हणायचं, अशी रेघ सहसा आखलेली असते. हा आर ती रेघ ओलांडत नाही.

चिठ्ठ्यांचा हा खेळ मुलांना बालवाडीतला वाटतो, म्हणून मी त्यांना विल्यम गॉसेटची गोष्ट सांगते. हा गृहस्थ डब्लिनमधल्या गिनीजच्या बिअर कारखान्यात कामाला होता आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहायचा. टी चाचणी त्याचीच. १९०८ साली त्याने सहसंबंधाचा प्रश्न हाती घेतला. इंग्लंडमधल्या ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी मोजलेली तयार होती. ते आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, भरपूर पिसून, त्याने चार-चारांचे ७५० नमुने केले. मग संबंध शून्य असला तर काय दिसेल हे बघायला त्याने एका चौकडीतल्या उंच्या घेतल्या आणि बोटं पुढच्या चौकडीतली लावली. माझा डबा आणि त्याचे पुठ्ठे, युक्ती एकच.

चारांच्या नमुन्यांत त्याला काय दिसलं, ते मला अजूनही चकित करतं. संबंध शून्य असताना चार जोड्यांचा आर −१ ते +१ मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने पडतो. शून्याच्या आसपास दाटी नाही, टोकांना विरळ नाही. साधा आयत. म्हणजे चार माणसांवर काढलेला ०.९ आणि चार माणसांवर काढलेला ०.१, दोन्ही योगायोगाला सारखेच सोपे. −१ ते +१ ही लांबी २. तिच्या दोन्ही टोकांचे ०.०५ चे तुकडे मिळून ०.१, म्हणजे बरोबर पाच टक्के. ‘सार्थ’ ठरायला किती जोड्यांना किती आर लागतो, याचा तक्ता पुस्तकांच्या मागे असतो. त्यात चार जोड्यांपुढे ०.९५० छापलेलं असतं ते म्हणूनच. तक्ता पाठ करणाऱ्यांना तो आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो, तो या आयतातून आलेला आहे. गॉसेटने अंदाजाने बांधलेलं शून्य संबंधाचं सूत्र बरोबर होतं, हे रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये गणिताने सिद्ध केलं.

जोड्या वाढल्या की आयत मधोमध फुगतो, टोकं झिजतात. मोठा आर योगायोगाने येणं अवघड होत जातं. एरवी हे सगळं एका सूत्रात गुंडाळून दिलेलं असतं:

टी = आर × √(एन − २) ÷ √(१ − आर²)

एन म्हणजे जोड्यांची संख्या. त्यातून दोन वजा का? दोन ठिपक्यांतून सरळ रेघ जातेच, तिथे आर कायम +१ किंवा −१. पहिल्या दोन ठिपक्यांनी काहीच सिद्ध होत नाही, पुरावा तिसऱ्यापासून सुरू होतो. या एन − २ लाच स्वातंत्र्य मात्रा म्हणतात.

आता तुमचे आकडे घालू. आर ०.६२, एन ८. वर ०.६२ गुणिले √६ म्हणजे १.५२, खाली √(१ − ०.३८४) म्हणजे ०.७८५. टी आला १.९४. सहा स्वातंत्र्य मात्रांना पाच टक्क्यांवर २.४५ लागतो. हुकलं. पी साधारण ०.१०. मैत्रिणीचा टी २.५६, तिला १.९८ पुरेसा होता, पी ०.०१ च्या आसपास.

तक्ता जवळ नसेल तर माझी एक घरगुती युक्ती: २ ला √एन ने भागा, सार्थ ठरायला साधारण तेवढा आर लागतो. आठ जोड्यांना ०.७०७, तक्त्यातही ०.७०७. दहाला ०.६३२, तक्त्यातही तेच. तीसला ०.३६५, तक्ता म्हणतो ०.३६१. शंभरला ०.२, तक्ता ०.१९७. हजार जोड्या असतील तर ०.०६२ सुद्धा ‘सार्थ’! ०.०६२ चा वर्ग, म्हणजे एका गोष्टीच्या चढउतारातला दुसरीशी जोडलेला वाटा, हजारात चार, अर्धा टक्कासुद्धा नाही. एवढ्या संबंधावर कुणी शाळेचं धोरण ठरवायला निघालं तर त्याला घरी बसवावं. पण चाचणी त्यालाही ठप्पा देते, कारण तिला फक्त ‘शून्य आहे का’ एवढंच विचारलेलं आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना पी च्या आधी विश्वासांतर, म्हणजे खरा आर कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा, काढायला लावते. त्याचं गणित फिशरच्या रूपांतराने होतं, तुमचं सॉफ्टवेअर करून देईल. तुमच्या ०.६२ चं ९५ टक्के विश्वासांतर −०.१५ ते ०.९२. मैत्रिणीच्या ०.२५ चं ०.०६ ते ०.४३. हे दोन पट्टे वहीत एकाखाली एक काढा, म्हणजे सरांच्या दोन शेऱ्यांचा अर्थ डोळ्यांना दिसेल. तुमचा पट्टा एवढा रुंद आहे की ‘वाचणाऱ्यांचा शब्दसंग्रह किंचित कमी’ इथपासून ‘वाचन म्हणजेच शब्दसंग्रह’ इथपर्यंत काहीही त्यात मावतं. तिचा पट्टा अरुंद आहे, पूर्ण शून्याच्या वर आहे, पण सगळा खालच्या अंगाला. तिचा संबंध आहे, बहुतेक लहान आहे. तुमचा किती आहे ते आठ जणींवरून कळतच नाही.

माझ्या पाच मुलांचा ०.८ आठवतोय? तसाच ०.८ फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाला १८८८ मध्ये मिळाला होता, माणसाची उंची आणि हाताची लांबी यांच्यात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपली जुनी माणसं कापड मोजायची तो हात. त्याची काढायची रीत आजच्या सूत्राची नव्हती, सूत्र संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९६ मध्ये मांडलं. पण गॉल्टनजवळ सुमारे साडेतीनशे पुरुषांची मापं होती. आजच्या पद्धतीने हिशेब केला तर तेवढ्या मापांवरच्या ०.८ चा पट्टा ०.७६ ते ०.८३ असा येतो. माझ्या पाच मुलांच्या ०.८ चा येतो −०.२८ ते ०.९९. आकडा तोच, पण एकावर घर बांधता येतं आणि दुसऱ्यावर झोपडीही नाही.

इथे एक मोह होतो, तो तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. ‘अगं, वन-टेल करून टाक. वाचनाने शब्दसंग्रह वाढतो हे माहीतच आहे, मग उलटी बाजू कशाला मोजायची?’ आठ जोड्यांना एकतर्फी चाचणीत पाच टक्क्यांवर ०.६२२ लागतो. तुमचा ०.६२. सॉफ्टवेअरमध्ये तिसरा दशांश काय आहे हे बघायला आत्ताच हात शिवशिवले असतील! एकतर्फी चाचणी गैर नाही, पण ती आकडे हाती येण्याआधी ठरवायची असते. निकाल बघून बाजू निवडणं म्हणजे नाणं पडल्यावर छापा की काटा सांगणं.

‘सार्थ नाही’ याचा अर्थ ‘संबंध नाही’ असाही लिहू नका. निम्म्याहून जास्त प्रोजेक्टांत हे वाक्य मला लाल शाईने कापावं लागतं. समजा जगात खरा सहसंबंध अगदी ०.६२ आहे. तरी आठ-आठ जणींच्या पाहण्या करत राहिलात तर दहातल्या जेमतेम चार सार्थ निघतील, बाकीच्या तुमच्यासारख्या हात हलवत परत येतील. पी ०.१० म्हणजे ‘संबंध नसण्याची शक्यता दहा टक्के’ असंही नाही. डबा आठवा: तिथे संबंध नाही हे आपण आधीच धरून चाललो होतो. जे गृहीत धरलं त्याचीच शक्यता त्यातून कशी निघणार?

आणखी एक गोष्ट, जी सरांनी बहुधा सांगितली नसेल. तुमचा ०.६२ आणि मैत्रिणीचा ०.२५ यांच्यातला फरक तपासला तर तोही सार्थ नाही, पी ०.३ च्या आसपास येतो. एक पास, एक नापास, आणि दोघींत फरक आहे म्हणायला पुरावा नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन पट्टे एकमेकांवर किती चढलेत ते बघा. तुमच्या मुलींमध्ये वाचनाचा प्रभाव जास्त आणि तिच्या गटात कमी, असा निष्कर्ष दोघींपैकी कुणीही लिहायचा नाही.

एवढं सगळं झालं, आणि तुम्ही ठिपक्यांचा आलेख काढला का, हे मी विचारलंच नाही. खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा होता. माझी सवय म्हणा की खोड, आलेख दाखवल्याशिवाय मी कुणाचा आर बघत नाही.

फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच बनवले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, आर ०.८१६, टी ४.२४, पी ०.००२. सॉफ्टवेअरला चौघे जुळे भाऊ. आता ठिपके मांडा. पहिल्यात ठिपके तिरक्या पट्ट्यात विखुरलेले, पाठ्यपुस्तकातल्यासारखे. दुसऱ्यात ठिपके सुरेख कमानीत बसलेले: चढतात, माथ्यावर जातात, उतरायला लागतात. तिथे सरळ रेघेला कामच नाही. तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ सुतात ओवल्यासारखे एका रेघेवर आणि एक उंच आभाळात. तो एक काढला तर आर १ ला टेकतो. म्हणजे एका आगाऊ ठिपक्याने आर खाली ओढलाय. चौथ्यात उलट. दहा ठिपके एका उभ्या रेघेत, सगळ्यांचा एक्स ८, आणि एकटा दूर १९ वर. तो एक काढला की आर काढताच येत नाही, कारण एक्स बदलतच नाही, भागाकारात खाली शून्य येतं. अख्खा ‘सार्थ’ संबंध एका ठिपक्याच्या खांद्यावर.

तुमच्या आठ मुलींत एखादी आठवड्याला पंचवीस तास वाचणारी, चाचणीत पहिली आलेली असेल, आणि बाकी सात दोन ते पाच तासांच्या दाटीत असतील, तर तुमचा ०.६२ हा बहुतेक त्या एकटीचा आहे. तिला वगळून आर काढून बघा. वगळलेला आकडा प्रोजेक्टात लपवायचा नाही, दोन्ही लिहायचे.

आणि शून्य आर म्हणजे नातं नाही, असंही नव्हे. एक्स −२, −१, ०, १, २ घ्या आणि वाय म्हणून त्यांचे वर्ग: ४, १, ०, १, ४. वाय पूर्णपणे एक्सवर ठरतो, रेसभर चूक नाही. वरच्या रीतीने गुणाकारांची बेरीज करा: −४, १, ०, −१, ४. शून्य! आर फक्त सरळ रेघ ओळखतो. ‘रेषीय सहसंबंध’ मधला ‘रेषीय’ शब्द म्हणूनच आहे, पण परीक्षेत तो सगळे खाऊन टाकतात.

चाचणीच्या अटींपैकी पुस्तकं सामान्य वितरणावर, म्हणजे आकडे घंटेच्या आकारात पसरलेले असण्यावर, फार वेळ घालवतात. त्याची काळजी नमुना लहान असेल किंवा आकडे फार वाकडे असतील तेव्हा करा. तेव्हा क्रमांकांवर चालणारा स्पिअरमनचा गुणांक वापरा, किंवा सरळ चिठ्ठ्या हलवा, संगणक दहा हजार वेळा हलवून देतो. माझ्या मते जास्त घातक अट दुसरी आहे: प्रत्येक जोडी बाकीच्यांपासून स्वतंत्र हवी. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये याचा मासला दाखवला. इंग्लंड आणि वेल्समधल्या एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये किती टक्के लागली, आणि तिथला मृत्युदर, १८६६ ते १९११. आर आला ०.९५! चर्चमध्ये लग्न लावल्याने माणसं मरतात की काय? दोन्ही गोष्टी त्या काळात हळूहळू उतरत होत्या, एवढंच. प्रत्येक साल मागच्या सालाला चिकटलेलं, त्यामुळे सेहेचाळीस सालं ही सेहेचाळीस स्वतंत्र चिठ्ठ्या नव्हेत. काळाबरोबर चढणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, मोबाइल आणि मधुमेह, दुचाक्या आणि डिग्र्या, आर सहज ०.९ च्या वर जाऊ शकतो. त्याला साधी टी चाचणी लावायची नाही. तुमच्या बाबतीत हे लहान प्रमाणात लागू आहे. एका खोलीतल्या तिघी एकच पुस्तकं फिरवून वाचत असतील तर त्या पूर्ण स्वतंत्र तीन ठिपके नाहीत.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तुम्ही ऐकलेलंच आहे. मी फक्त एवढंच म्हणेन की शब्दसंग्रह चांगला असलेल्यालाच वाचायला आवडतं, ही उलटी बाजूही तेवढीच शक्य आहे, आणि आर ला दोन्ही बाजू सारख्या. सूत्रात एक्स आणि वाय बदलून बघा, उत्तर तेच.

एक किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी एक संशोधक माझ्याकडे प्रबंधाचं चौथं प्रकरण घेऊन आले. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा भला मोठा तक्ता, दहा चल (म्हणजे मोजलेल्या दहा गोष्टी), सगळ्यांचा सगळ्यांशी सहसंबंध, आणि तीन ठिकाणी तारे. सॉफ्टवेअर पाच टक्क्यांवर एक तारा लावतं आणि एक टक्क्यावर दोन. तीन ताऱ्यांवर पंधरा पानी चर्चा लिहून तयार होती. मी विचारलं, ‘एकूण जोड्या किती?’ दहा चलांच्या जोड्या पंचेचाळीस. सगळे संबंध शून्य असते तरी पंचेचाळीसाचे पाच टक्के, म्हणजे सरासरी सव्वादोन तारे फुकटात उगवले असते. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘मॅडम, सबमिशन सोमवारी आहे.’ मीही गप्प बसले. त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते: कुठली जोडी तपासायची ते आधी लिहा, किंवा जेवढ्या तपासल्या तेवढ्या सगळ्या लिहून रेघ त्या मानाने कडक करा. पंचेचाळीस तपासून तीनच मांडायच्या, हे चालत नाही.

आता तुमच्या प्रोजेक्टात काय लिहायचं. मी असं लिहिलं असतं: ‘आठ विद्यार्थिनींमध्ये साप्ताहिक वाचन आणि शब्दसंग्रह यांचा सहसंबंध ०.६२ आढळला (९५ टक्के विश्वासांतर −०.१५ ते ०.९२, पी = ०.१०). नमुना लहान असल्याने समष्टीत संबंध आहे किंवा नाही, यांपैकी काहीच ठामपणे म्हणता येत नाही.’ शेजारी आठ ठिपक्यांचा आलेख. यात लाजण्यासारखं काही नाही. बाह्य परीक्षक म्हणून मला असं वाक्य वाचायला मिळालं तर मी तोंडी परीक्षेत त्रास देत नाही.

वेळ हाताशी असेल तर मुली वाढवा, पण किती ते आधी ठरवा. खरा संबंध ०.६२ च्या आसपास असेल, तर तो पाचातून चार वेळा पकडायला अठरा जणी पुरतात. तो ०.३ असेल तर पंचाऐंशी लागतील, आणि मैत्रिणीच्या निकालावरून मला तो खालच्या अंगाला असावा असं वाटतं. रोज दोन मुली वाढवायच्या, रोज पी बघायचा आणि ०.०५ च्या खाली गेला की थांबायचं, हे मात्र करू नका. तसं केलं तर डब्यातल्या चिठ्ठ्यासुद्धा एक ना एक दिवस सार्थ निघतात. आकडा ठरवा, वहीत तारीख घालून लिहा आणि तेवढ्या झाल्यावरच आर काढा. आधीच्या आठ जणींवरून ही शंका आली आहे, म्हणून त्यांना नव्यांत मिसळू नका. नव्यांचा आर वेगळा काढा आणि आठ जणींचा ०.६२ शेजारी राहू द्या.